स्पर्धकासोबत काय शेअर करायचं, काय राखायचं? औषध कंपन्यांकडून शिकण्यासारखा धडा



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, माझ्याच लाइनमधल्या दुसऱ्या माणसाबरोबर मिळून काही करावं का? तो माझं गिऱ्हाईक पळवणार नाही ना?" या प्रश्नावर लोक दोन टोकांची उत्तरं देतात. एक म्हणजे, "धंद्यात कुणावर भरवसा ठेवायचा नाही, सगळं झाकून ठेव." दुसरं म्हणजे, "आपली माणसं आहेत, सगळं मिळून करू, हिशोब नंतर बघू." पहिल्या उत्तरात खर्च वाढतो. दुसऱ्या उत्तरात आधी पैसे जातात आणि मग मैत्री.

आजच्या व्हिडिओत यामधला तिसरा रस्ता मी थोडक्यात सांगितला होता. इथे तो उदाहरणांसकट, सविस्तर बघू. उदाहरणं मुद्दाम अशा उद्योगातली घेतली आहेत जिथे गुपित सगळ्यात महाग असतं, म्हणजे औषध आणि जीवविज्ञान संशोधनाचा उद्योग. एकमेकांच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्या तिथे एकाच टेबलावर बसतात, काही गोष्टी मोकळेपणाने देतात आणि बाकीच्या गोष्टींसाठी पुन्हा जोरात भांडतात. हे त्यांना कसं जमतं, ते समजून घेऊ.

आधी हा धंदा कसा चालतो ते बघा

नवीन औषध प्रयोगशाळेतून दुकानात यायला साधारण दहा ते पंधरा वर्षं लागतात. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दर दहा औषधांपैकी जवळपास नऊ औषधं मध्येच गळतात. पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचं असतं, पण त्यातली बरीच वर्षं चाचण्यांतच जातात. औषध बाजारात येईपर्यंत कमाईची मोजकीच वर्षं हातात उरतात.

अशा धंद्यात माणूस गप्प राहणारच. आपण कोणत्या रेणूवर काम करतोय, कोणता आजार धरलाय, चाचणी कुठपर्यंत आलीय, हे कोणी सांगत नाही. पण याच कंपन्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. त्यांचा बराच खर्च असा होता की ज्यातून कोणालाच स्पर्धेत फायदा होत नव्हता. प्रत्येक जण तेच काम, तसंच, आपापल्या भिंतीआड करत होता. दहा शेजाऱ्यांनी दहा बोअर मारावेत आणि सगळ्यांना सारखंच पाणी लागावं, तसला प्रकार.

या भागाला त्यांच्या भाषेत 'स्पर्धेच्या आधीचा टप्पा' म्हणतात. शर्यत सुरू होण्याआधी रस्ता बनवावा लागतो ना? रस्ता सगळ्यांनी मिळून बनवायचा आणि शर्यत आपापली पळायची. आजच्या सगळ्या उदाहरणांचं सार यातच आहे.

उदाहरण १: दहा कंपन्या आणि एक खुला नकाशा

माणसाचा डीएनए म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांची चिठ्ठी समजा. तुमची आणि माझी चिठ्ठी जवळजवळ सारखीच असते, पण मधेमधे एखादं अक्षर वेगळं असतं. अशा एका अक्षराच्या फरकाला स्निप म्हणतात. एखादं औषध एकाला लागू पडतं आणि दुसऱ्याला पडत नाही, यामागे असे फरकही असू शकतात. म्हणून हे फरक कुठे कुठे आहेत याचा नकाशा प्रत्येक औषध कंपनीला हवा होता.

१९९० च्या दशकाच्या शेवटी काही खाजगी कंपन्या असे नकाशे बनवून त्यावर पेटंट घ्यायच्या तयारीत होत्या. तसं झालं असतं तर प्रत्येक वळणावर टोलनाका लागला असता. एप्रिल १९९९ मध्ये दहा मोठ्या औषध कंपन्या आणि ब्रिटनमधली वेलकम ट्रस्ट ही धर्मादाय संस्था एकत्र आली आणि स्निप कन्सॉर्शियम उभं राहिलं. फायझर, नोवार्टिस, बायर, रोश, अ‍ॅस्ट्राझेनेका ही नावं त्यात होती. वेलकम ट्रस्टने १ कोटी ४० लाख डॉलर घातले, कंपन्यांनी मिळून सुमारे ३ कोटी डॉलर. उद्दिष्ट होतं दोन वर्षांत ३ लाख स्निप शोधण्याचं. फेब्रुवारी २००१ मध्ये मानवी जनुक प्रकल्पाबरोबर मिळून जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात १४ लाखांहून जास्त स्निप होते.

आता धंद्याच्या नजरेने दोन गोष्टी टिपून ठेवा.

पहिली गोष्ट पेटंटची. त्यांनी अर्ज करून शोधाची तारीख नोंदवली, पण हक्क गाजवण्यासाठी नाही. बाहेरचा कोणी येऊन "हे माझं" म्हणू नये, एवढ्यासाठीच. सामायिक वस्तू सामायिकच राहावी याची सोय त्यांनी पहिल्या दिवशीच केली.

दुसरी गोष्ट फुकट्यांची. नकाशा सगळ्या जगाला खुला होता. ज्याने एक डॉलरही भरला नाही, त्यालाही तो मिळाला. आपल्याकडे सामायिक काम इथेच मोडतं: "तो पैसे देत नाही, मग मी का देऊ?" या कंपन्यांनी हिशोब वेगळा केला. फुकट्याला किती फायदा होतोय हे त्यांनी मोजलं नाही. हे काम झालं नाही तर आपलं किती नुकसान होईल, ते मोजलं. वाट्याला येणारा खर्च त्या नुकसानीपेक्षा कमी होता. विषय संपला.

उदाहरण २: पिस्तोइया अलायन्स, म्हणजे सगळ्यांचं एकच माप

२००७ मध्ये इटलीतल्या पिस्तोइया गावात एक बैठक झाली. अ‍ॅस्ट्राझेनेका, जीएसके, नोवार्टिस आणि फायझर या चार कंपन्यांची संशोधन-माहिती सांभाळणारी माणसं तिथे भेटली. बोलता बोलता कळलं की चौघांच्याही अडचणी त्याच आहेत. २००९ मध्ये याची ना-नफा संस्था झाली आणि गावाच्या नावावरून तिला पिस्तोइया अलायन्स म्हणू लागले. पुढे मोठ्या कंपन्यांबरोबर छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या, स्टार्टअप आणि विद्यापीठंही सभासद झाली.

त्यांनी कामं कोणती निवडली ते बघा. औषधांचे काही रेणू इतके मोठे असतात की त्यांचा अणू-अणू काढत बसता येत नाही, आणि इतके बदललेले असतात की साध्या अक्षरांच्या साखळीतही लिहिता येत नाहीत. प्रत्येक कंपनीची लिहिण्याची पद्धत वेगळी. एकाचं माप पायलीत, दुसऱ्याचं किलोत, मग व्यवहार करायचा कसा? फायझरने घरच्या वापरासाठी हेल्म नावाची एक लेखनपद्धत बनवली होती. ती त्यांनी अलायन्समार्फत सगळ्यांसाठी खुली केली. यात फायझरचं नुकसान काय? काहीच नाही. लिहायची पद्धत दिली, रेणू नाही दिला. फायदा मात्र झाला. बाहेरच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तीच पद्धत धरली, की आपल्याला वेगळं काही बनवून घ्यावं लागत नाही.

दुसरं काम तर मला जास्त आवडतं. प्रयोगशाळेत दोन रसायनं एकत्र आली आणि अचानक भडका उडाला, तर ती नोंद त्या कंपनीच्या वहीत राहते. दुसऱ्या शहरातला केमिस्ट तेच मिश्रण करायला जातो. त्याला कोण सांगणार? २०१७ मध्ये अलायन्सने केमिकल सेफ्टी लायब्ररी सुरू केली. तिथे अशा धोकादायक अभिक्रियांची नोंद करायची आणि इतरांनी ती वाचायची. स्पर्धकाच्या प्रयोगशाळेत कोणाचा हात भाजला म्हणून तुमचं औषध जास्त खपत नाही. सुरक्षिततेत स्पर्धा नसतेच.

उदाहरण ३: स्पर्धकाकडूनच माल विकत घेणं

२०१२ मध्ये दहा कंपन्यांनी ट्रान्ससेलरेट नावाची ना-नफा संस्था काढली. विषय एकच: माणसांवरच्या चाचण्यांमधला वाया जाणारा वेळ आणि खर्च.

नवीन औषधाची चाचणी घेताना पुष्कळदा ते बाजारातल्या जुन्या औषधाशी ताडून बघावं लागतं. ते जुनं औषध बहुधा स्पर्धकाचं असतं. पूर्वी ते बाजारातून, मधल्या व्यापाऱ्यांकडून गोळा करावं लागायचं. माल खरा आहे का, मुदत किती उरलीय, बॅचची कागदपत्रं मिळतील का, सगळीच चिंता. ट्रान्ससेलरेटमधल्या कंपन्यांनी ठरवलं की चाचणीसाठी लागणारं औषध एकमेकांना थेट विकायचं. माल खात्रीचा, कागदपत्रं सोबत. विकणाऱ्याला माहीत असतं की या मालाचा उपयोग त्याच्याशीच स्पर्धा करायला होणार आहे. तरी तो विकतो. कारण उद्या त्यालाही समोरच्याचं औषध लागणार असतं.

अजून एक छोटी गोष्ट. चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पाच कंपन्यांच्या चाचण्या असतील तर तेच प्रशिक्षण पाचदा. या कंपन्यांनी किमान निकष ठरवले आणि एकमेकांचं प्रशिक्षण मान्य करायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाचा, पुरवठादाराचा किंवा जोडीदाराचा त्रास कमी करणं हेही सामायिक काम असू शकतं.

उदाहरण ४: भाव आधी, लस नंतर, आणि पुणे

आता एक वेगळा नमुना. इथे स्पर्धक एकत्र आले नाहीत. ज्याच्याकडे जे होतं, ते त्याने आणलं.

आफ्रिकेत पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, तिथे मेनिंजायटिसच्या साथी यायच्या. हा मेंदूच्या आवरणाचा आजार. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० माणसं गेली. बहुतेक साथी 'ए' प्रकारच्या जिवाणूच्या. त्यावर टिकाऊ लस बनवणं शास्त्राला अशक्य नव्हतं. पण ती विकत घेणारे देश गरीब होते, म्हणून कोणी बनवत नव्हतं.

२००१ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या ७ कोटी डॉलरच्या मदतीने जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने प्रकल्प सुरू केला. त्यांनी आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तुम्हाला काय परवडेल? उत्तर आलं, एका डोसला ५० सेंटपेक्षा कमी. तोच भाव धरून सगळी आखणी झाली. मोठ्या पाश्चात्त्य उत्पादकांशी त्या भावात जमेना. मग कामाची वाटणी अशी झाली: लस जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेतून आलं, सुरुवातीला एक मुख्य घटक नेदरलँड्समधल्या कंपनीकडून आला आणि उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलं. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत मोठी मोहीम सुरू झाली. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना मेनाफ्रीव्हॅक लस मिळाली आणि जिथे ती दिली गेली, तिथे 'ए' प्रकारचा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

नातं तिथे थांबलं नाही. पाथ आणि सीरम यांनी पुढे पाच प्रकारांवर चालणारी लस बनवली. तिला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरात आणली. पहिली भागीदारी नीट झाली की दुसरीची बोलणी लवकर होतात.

या चारही उदाहरणांतून चार नियम

१. रेघ आधी आखा. कोणती गोष्ट रस्ता आणि कोणती शर्यत, हे पहिल्या बैठकीत ठरवा. ओळखायची कसोटी सोपी आहे. स्वतःला विचारा: "ही गोष्ट समोरच्याला कळली, तर माझं गिऱ्हाईक मला सोडून त्याच्याकडे जाईल का?" उत्तर 'हो' असेल तर ती राखा. 'नाही' असेल तर ती झाकून ठेवण्यात तुम्ही उगाच पैसे घालवताय.

२. काम छोटं आणि मोजता येण्यासारखं घ्या. ३ लाख स्निप, दोन वर्षं. ५० सेंटपेक्षा कमी भाव. "आपण मिळून उद्योग वाढवू" हे उद्दिष्ट नव्हे, ते भाषण झालं.

३. चावी तिसऱ्याच्या हातात द्या. कन्सॉर्शियम असो, पिस्तोइया असो की ट्रान्ससेलरेट, प्रत्येक ठिकाणी वेगळी ना-नफा संस्था आहे. पैसा आणि माहिती कोणा एका स्पर्धकाच्या कपाटात राहत नाही. तुमच्या पातळीवर ही चावी एखाद्या संघटनेकडे, विश्वासू सीएकडे किंवा मिळून काढलेल्या संस्थेकडे असू शकते.

४. तयार झालेली गोष्ट कोणाची, हे कागदावर आणा. कोण किती भरणार, निघालेलं कोण वापरणार, एक जण मधेच बाहेर पडला तर काय, हे काम सुरू होण्याआधी लिहायचं. भांडण नसताना लिहिलेला करार एका पानात होतो. भांडण लागल्यावर वकिलाला वीस पानं लागतात.

आणि एक सक्त सूचना. एकत्र बसून भाव ठरवणं, गावं वाटून घेणं किंवा टेंडरमध्ये आपसात ठरवून आकडे भरणं याला सहकार्य म्हणत नाहीत. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली ते येतं आणि भारतीय स्पर्धा आयोग त्यावर मोठा दंड लावू शकतो. बैठकीत कोणी विक्रीच्या भावाचा विषय काढला, तर तिथेच थांबवा.

आता हे आपल्या मापात बसवू

समजा, तुमच्या जिल्ह्यात जिवाणू खतं बनवणारी पाच छोटी युनिट आहेत. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, पीएसबी असा माल. हाही जीवविज्ञानाचाच धंदा, फक्त छोट्या प्रमाणातला. पाकिटात जिवंत जिवाणू असतात. खत नियंत्रण आदेशानुसार पावडरच्या मालात ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. माल युनिटमधून बरोबर निघतो, पण एप्रिल-मे महिन्यात कृषी सेवा केंद्राच्या पत्र्याखाली पडून राहिला की जिवाणू मरतात. शेतकरी वापरतो, फरक दिसत नाही. तो काय म्हणतो? "अमक्याचं पाकीट खराब निघालं" असं म्हणत नाही. "जिवाणू खत म्हणजे थापा" असं म्हणतो. नुकसान पाचही जणांचं.

आता कसोटी लावा. पेशी मोजण्याची तपासणी प्रत्येकाला लागते, तिच्यामुळे गिऱ्हाईक पळत नाही. म्हणजे ती रस्ता. सामायिक लॅब चालेल, किंवा एकाच बाहेरच्या लॅबशी पाचही जणांचा मिळून दर ठरवता येईल. दुकानात माल कसा ठेवावा याचं एकच पत्रक, दुकानदारांचं एकच प्रशिक्षण, कुठल्या तापमानाला माल किती आठवडे टिकला याची सामायिक नोंद, हेही रस्ता.

मग शर्यत कोणती? तुमचा निवडलेला वाण, माल टिकावा म्हणून त्यात काय मिसळता ते, तुमचे डीलर, तुमची उधारीची पद्धत आणि तुमचा भाव. हे टेबलावर आणायचं नाही. कोणी प्रेमाने विचारलं तरी नाही.

उत्पादकांच्या गटाला अशी सामायिक सुविधा उभारायची असेल, तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या क्लस्टर योजनेत सामायिक सुविधा केंद्राची तरतूद आहे. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याच्या अटी विचारून घ्या. आणि तुमच्यापैकी कोणाकडे जीवविज्ञानातली नवी कल्पना असेल, तर स्वतःची लॅब बांधायच्या आधी दोन दरवाजे ठोठावा. एक, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर. तिथे स्टार्टअपना प्रयोगशाळेची जागा आणि उपकरणं वापरायला मिळतात. दोन, बायरॅक, म्हणजे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था. त्यांच्या बिग योजनेत सुरुवातीच्या कल्पनेसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. महागडं मशीन विकत घेण्यापेक्षा तासाच्या भाड्याने वापरणं हासुद्धा सहकार्याचाच प्रकार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या, मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे 'रस्ता', उजवीकडे 'शर्यत'. गेल्या तीन महिन्यांचा खर्च काढून प्रत्येक ओळ कुठल्या बाजूला जाते ते लिहा. माल तपासणी, गाडीभाडं, पॅकिंग, गोदाम, स्टाफचं प्रशिक्षण, रेसिपी, गिऱ्हाइकांची यादी, सगळं. नंतर डाव्या बाजूची एकच ओळ निवडा, सगळ्यात सोपी. तुमच्याच लाइनमधल्या दोन जणांना चहाला बोलवा आणि फक्त त्या एका ओळीवर बोला. उजवी बाजू घडी घालून खिशात ठेवा.

त्या बैठकीत काय ठरलं ते एका कागदावर लिहा आणि खाली तिघांनी सह्या करा. पुढच्या भागात अशा एका पानाच्या करारात कोणते मुद्दे असायलाच हवेत, ते ओळीओळीने बघू.